पंथ की परीक्षा? : कंबरदुखीवरील उपचारपद्धतींच्या चार मूलग्रंथांची चिकित्सा

सारांश :
भौतिकोपचाराची पदवी घेऊन व्यवसायात येणाऱ्या तरुणांपुढे पुढील प्रशिक्षण कोणत्या उपचारपद्धतीत घ्यावे, हा प्रश्न उभा राहतो. कंबरदुखीच्या क्षेत्रात तर नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनेक पद्धती एकमेकींशी स्पर्धा करताना दिसतात. प्रस्तुत लेखात मॅकेन्झी, मेटलंड, मलिगन आणि बटलर–मोझली यांच्या मूलग्रंथांची चिकित्सा केली आहे. पद्धतीची निवड तिच्या सिद्धान्तावरून किंवा प्रवर्तकाच्या नावावरून न करता, उपचार चुकत असल्यास तो थांबविण्याचा नियम ती पद्धत किती स्पष्टपणे शिकविते यावरून करावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : भौतिकोपचार, कंबरदुखी, उपचारपद्धती, प्रशिक्षण, पुनर्तपासणी, ग्रंथसमीक्षा.

प्रस्तावना :
भौतिकोपचार, म्हणजे प्रचलित बोलीतील फिजिओथेरपी, ही विद्याशाखा भारतात तुलनेने तरुण आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ मध्ये या विषयाचे विद्यालय सुरू झाले आणि पुढील काळात राज्यातील अनेक शहरांतून अशी महाविद्यालये निघाली. पदवी अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया, व्यायामोपचार, विद्युतोपचार हे विषय शिकविले जातात. निरनिराळ्या उपचारपद्धतींचा परिचयही करून दिला जातो. परंतु परिचय म्हणजे प्रावीण्य नव्हे. पदवी हाती आल्यानंतर एखाद्या पद्धतीचे रीतसर प्रशिक्षण घेणे नवोदित उपचारकास आवश्यक वाटू लागते, आणि येथूनच अडचणीस प्रारंभ होतो.

हे प्रशिक्षण टप्प्याटप्प्यांचे असते, त्याला शुल्क असते आणि कामाचे दिवसही खर्ची पडतात. मॅकेन्झी पद्धतीचे मूलभूत प्रशिक्षण चार भागांत आणि त्यानंतरच्या परीक्षेत विभागलेले आहे. अन्य पद्धतींचीही अशीच आपापली शिडी आहे. नुकताच नोकरीला लागलेला उपचारक या सर्व शिड्या चढू शकत नाही. त्यामुळे ज्येष्ठ सहकारी कोणत्या पद्धतीचे आहेत, जवळच्या शहरात कोणती कार्यशाळा भरणार आहे, दवाखान्याच्या पाटीवर कोणते प्रमाणपत्र अधिक शोभेल, अशा बाबींवरून निवड होते. जी गोष्ट पुढील अनेक वर्षे उपचारकाच्या हाताला आणि विचाराला वळण लावणार, तिची निवड इतक्या आनुषंगिक कारणांवरून व्हावी, हे चिंत्य आहे. कारण या निवडीचे बरेवाईट फळ उपचारकापेक्षा रुग्णालाच अधिक भोगावे लागते.

ग्रंथांची निवड :
प्रत्येक पद्धतीमागे एखादा मूलग्रंथ असतो. कार्यशाळेत शिकविणारे बदलतात, परंतु पद्धतीचा स्वभाव त्या ग्रंथात घडलेला असतो. म्हणून येथे चार ग्रंथ विचारासाठी घेतले आहेत. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील जेफ्री मेटलंड यांचा ‘व्हर्टिब्रल मॅनिप्युलेशन’ (१९६४), न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथील रॉबिन मॅकेन्झी यांचा ‘द लम्बर स्पाइन’ (१९८१), त्याच शहरातील ब्रायन मलिगन यांचा ‘मॅन्युअल थेरपी’ (१९८९) आणि डेव्हिड बटलर व लॉरिमर मोझली यांचा ‘एक्स्प्लेन पेन’ (२००३) हे ते ग्रंथ होत. पहिले तीन हाताने अथवा हालचालीने करावयाच्या उपचारांचे आहेत, तर चौथा रुग्णाला वेदनेचे स्वरूप समजावून सांगण्याविषयी आहे. चार दशकांत या विद्याशाखेचे लक्ष सांध्याकडून हालचालीकडे आणि हालचालीकडून वेदनेच्या आकलनाकडे कसे सरकले, हेही या क्रमावरून दिसून येते.

उत्पत्तिकथा आणि तिचे सामर्थ्य :
मॅकेन्झी यांच्या पद्धतीची उत्पत्तिकथा सर्वश्रुत आहे. १९५६ मध्ये कंबरेपासून गुडघ्यापर्यंत कळ जाणारा एक रुग्ण त्यांच्याकडे उपचार घेत होता. काही आठवड्यांच्या उपचारांनी त्याला आराम पडला नव्हता. एके दिवशी त्याला पालथे झोपण्यास सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामात गुंतले. पूर्वीच्या रुग्णासाठी खाटेची डोक्याकडील बाजू उंच केलेली होती. त्यामुळे हा रुग्ण कंबर मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटे पडून राहिला. उपचारकाच्या दृष्टीने ही स्थिती घातक होती. प्रत्यक्षात मात्र त्याच्या पायातील वेदना नाहीशी झाली होती. पायातील वेदना कंबरेच्या मध्याकडे परतते तेव्हा सुधारणा होत असते, हे या पद्धतीचे मध्यवर्ती निरीक्षण या प्रसंगातून पुढे आले.

मलिगन यांची कथाही याच जातीची आहे. सुजलेल्या बोटाचा सांधा नेहमीच्या उपचारांना दाद देत नव्हता. त्यांनी तो किंचित बाजूला सरकवून धरला आणि रुग्णास बोट वाकविण्यास सांगितले. बोट वेदनेशिवाय वाकले. त्यातून सांधा सरकवून धरीत रुग्णाकडून हालचाल करवून घेण्याचे त्यांचे तंत्र विकसित झाले.

मराठी वाचकास या रचनेची ओळख आहे. महानुभाव पंथाच्या ‘दृष्टांतपाठा’त सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगे असतात. सूत्र तत्त्व सांगते, दृष्टांत लोकव्यवहारातील प्रसंग सांगतो आणि दार्ष्टांतिक त्या दोहोंचा मेळ घालते. उपचारपद्धतींच्या ग्रंथांतही एक सूत्र, एक संस्मरणीय रुग्ण आणि त्या रुग्णावरून सर्व रुग्णांपर्यंत जाणारी वाट आढळते. शिकविण्याचे साधन म्हणून दृष्टांत अतिशय प्रभावी असतो. परंतु दृष्टांताने तत्त्व समजते, सिद्ध होत नाही. धर्मग्रंथात हा भेद गौण ठरेल. उपचारग्रंथात तो गौण मानता येत नाही.

याचे कारण कंबरदुखीच्या स्वभावातच आहे. साधी तीव्र कंबरदुखी बहुतेक वेळा काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप उतरते. महाराष्ट्रात उसण भरली असता पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची प्रथा आहे. पायाळू म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. त्याचा पाय लागला आणि दोन दिवसांनी उसण गेली, हा अनुभव खोटा नसतो. पाय लागला नसता तरी ती गेली असती, ही शक्यता मात्र त्या अनुभवात दिसत नाही. पदवीधर उपचारकाचा अनुभवही याच भ्रमाला बळी पडू शकतो. आपल्या हाताने रुग्ण बरा झाला ही भावना प्रत्येक पद्धतीच्या अनुयायाला रोज येत असते. म्हणून ‘मला याचा गुण दिसतो’ हे निवडीचे प्रमाण होऊ शकत नाही.

सिद्धान्त आणि भिंत :
चारही ग्रंथांत उपचाराबरोबर त्याचे स्पष्टीकरण येते. मॅकेन्झी यांनी कंबरदुखीचे स्थितिजन्य, आखडलेपणाचे आणि अंतर्गत बिघाडाचे असे तीन मुख्य वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गाचे स्पष्टीकरण देताना मणक्यांमधील चकतीचा आतील भाग सरकतो व विशिष्ट हालचालीने परततो, अशी कल्पना त्यांनी मांडली. ‘गादी सरकली’ हे बोलभाषेतील वर्णन या कल्पनेच्या जवळचे असल्याने ती रुग्णाला लगेच पटते. मलिगन यांनी सांध्याच्या सूक्ष्म स्थानदोषाची कल्पना मांडली. ही स्पष्टीकरणे उपयुक्त प्रतिमा आहेत. परंतु प्रत्येक सुधारलेल्या रुग्णाच्या शरीरात तसेच घडले, असे सिद्ध झालेले नाही.

येथे मेटलंड यांचे वेगळेपण जाणवते. उपचारकाच्या विचाराचे त्यांनी दोन कप्पे कल्पिले. एका बाजूस शास्त्र, निदान आणि तर्क, तर दुसऱ्या बाजूस रुग्णाचा इतिहास, लक्षणे आणि तपासणीत प्रत्यक्ष आढळलेल्या खुणा. या दोहोंमध्ये त्यांनी विटांची एक भिंत कल्पिली. ती आरपार बंद नाही. तिच्यातून विचार झिरपू शकतात. परंतु एका बाजूचे अनुमान दुसऱ्या बाजूचे निरीक्षण म्हणून खपविता येत नाही. निदान काहीही असो, वाकल्यावर कळ कोठे येते आणि उपचारानंतर त्याच हालचालीत काय फरक पडला, हे उपचारकाने नोंदविलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे. या चार ग्रंथांतील सर्वांत मौलिक विचार हाच म्हणावा लागेल. तो कोणत्याही पद्धतीच्या अनुयायास स्वीकारता येतो आणि सिद्धान्त बदलला तरी तो टिकतो.

तथापि, मेटलंड यांच्या ग्रंथाची मर्यादाही याच ठिकाणी आहे. हाताने द्यावयाच्या दाबाच्या त्यांनी पाडलेल्या प्रती उपचारकाच्या स्पर्शज्ञानावर अवलंबून आहेत. एका उपचारकास जाणवलेला ताठरपणा दुसऱ्यास तसाच जाणवेल, याची खात्री देता येत नाही. शिवाय तंत्रांची विपुलता इतकी आहे की एकाने गुण आला नाही तर दुसरे करून पाहता येते. तंत्र बदलण्याचे शिक्षण भरपूर मिळते. पद्धतच बाजूला ठेवण्याचा प्रसंग मात्र क्वचित येतो.

थांबण्याचा नियम :
कोणत्याही उपचारपद्धतीस विचारण्याजोगा एक कठोर प्रश्न असा : रुग्णास गुण येत नसेल तर ही पद्धत काय करावयास सांगते? या प्रश्नाच्या उत्तरावरून पद्धतीचे चारित्र्य कळते.

मलिगन यांचे उत्तर सर्वांत थेट आहे. योग्य तंत्र वेदनारहित असले पाहिजे, त्याचा परिणाम तत्काळ दिसला पाहिजे आणि तो टिकला पाहिजे. दिशा अथवा जागा बदलूनही असे घडले नाही, तर ते तंत्र त्या रुग्णासाठी नाही. सिद्धान्ताच्या दृष्टीने या ग्रंथाचा पाया पातळ असला, तरी व्यवहारात तो आपल्याच अनुयायाला चुकीच्या मार्गावर फार काळ राहू देत नाही. मात्र तत्काळ परिणाम म्हणजे अंतिम परिणाम नव्हे. टेबलावरून उठताना हलके वाटणारी कंबर महिन्यानंतर कशी आहे, हे त्या क्षणी कळत नाही.

मॅकेन्झी यांचे उत्तर अधिक शिस्तबद्ध आहे. एकाच दिशेने हालचाल पुनःपुन्हा करवून वेदना मध्याकडे येते की दूर पसरते हे पाहावयाचे, काही भेटींत निश्चित प्रतिसाद न मिळाल्यास वर्गीकरणाचा फेरविचार करावयाचा. हे निरीक्षण उपचारकाच्या बोटांवर अवलंबून नसून रुग्णाच्या सांगण्यावर अवलंबून असते. म्हणूनच ते शिकविता येते, नोंदविता येते आणि दुसऱ्याला पडताळता येते. याहून महत्त्वाचे म्हणजे उपचार रुग्णाच्या हाती दिला जातो. मॅकेन्झी यांनी १९८० मध्ये ‘ट्रीट युअर ओन बॅक’ हे पुस्तक सामान्य रुग्णांसाठीच लिहिले.

या पद्धतीचा दोष वेगळ्या ठिकाणी आहे. प्रतिकूल निष्कर्ष समोर आला की संबंधित उपचारक पुरेसे प्रशिक्षित नव्हते, असा युक्तिवाद अनुयायांकडून होऊ शकतो. सर्व टप्पे पूर्ण केल्याशिवाय टीकेचा अधिकार नाही, ही भूमिका पंथाची असते, विद्याशाखेची नव्हे.

‘एक्स्प्लेन पेन’मध्ये थांबण्याचा नियम सर्वांत धूसर आहे. वेदना म्हणजे इजेचे मोजमाप नसून धोक्याविषयी मेंदूने काढलेला निष्कर्ष होय, हे त्यातील प्रतिपादन चित्रे आणि उपमांच्या साहाय्याने अत्यंत प्रभावीपणे मांडले आहे. दीर्घकालीन वेदनेच्या रुग्णास भीतीतून बाहेर काढण्याचे त्याचे सामर्थ्य नाकारता येत नाही. परंतु समजावून सांगूनही रुग्ण सुधारला नाही, तर ‘त्याला अजून नीट समजले नाही’ असे म्हणण्याची सोय या भूमिकेत राहते.

परीक्षणांचा कौल :
ग्रंथांच्या दाव्यांची परीक्षा स्वतंत्र संशोधनाने झालेली आहे आणि तिचा कौल सर्व पंथांना नम्र करणारा आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्किन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ३२१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एकास मॅकेन्झी पद्धतीचा उपचार, दुसऱ्यास कायरोप्रॅक्टिक उपचार आणि तिसऱ्यास केवळ एक माहितीपुस्तिका देण्यात आली. पहिल्या दोन गटांचे परिणाम जवळजवळ सारखे होते आणि पुस्तिकेच्या गटापेक्षा किंचितच बरे होते. दोन वर्षांतील सरासरी खर्च मात्र पहिल्या दोन गटांत अनुक्रमे ४३७ व ४२९ डॉलर, तर पुस्तिकेच्या गटात १५३ डॉलर होता.

मेटलंड परंपरेच्या दृष्टीने २००३ चा चिराडेजनंत व सहकाऱ्यांचा अभ्यास विचारप्रवर्तक आहे. १४० रुग्णांपैकी काहींना उपचारकाने विचारपूर्वक निवडलेले, तर काहींना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरविलेले तंत्र देण्यात आले. दोन्ही गटांत तत्काळ आराम मिळाला, पण दोहोंत उल्लेखनीय फरक आढळला नाही. तंत्राच्या अचूक निवडीसाठी उपचारक जी वर्षे घालवितो, त्यांविषयी हा निष्कर्ष प्रश्न उपस्थित करतो.

याउलट लाँग, डोनेलसन व फंग यांच्या २००४ च्या अभ्यासात ३१२ रुग्णांपैकी २३० जणांत विशिष्ट दिशेच्या हालचालीने आराम पडत असल्याचे आढळले. त्यांना त्याच दिशेचा, विरुद्ध दिशेचा किंवा सर्वसाधारण व्यायाम देण्यात आला. दोन आठवड्यांनी त्याच दिशेचा व्यायाम करणाऱ्यांत स्पष्टपणे अधिक सुधारणा दिसली. चर्किन यांच्या अभ्यासातील रुग्ण असे निवडलेले नव्हते, हे लक्षात घेतले की दोन्ही निष्कर्षांचा मेळ बसतो. मॅकेन्झी यांचा उपचार सरसकट दिल्यास त्याचा लाभ अल्प, तर त्यांची तपासणी वापरून निवडलेल्या रुग्णास दिल्यास तो अधिक, असे अनुमान निघते. मात्र हे अंतर दोन आठवड्यांचे आहे, याचेही भान ठेवावे लागते.

वेदनाशिक्षणाचीही परीक्षा झाली. ट्रेगर व सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात तीव्र कंबरदुखीच्या २०२ रुग्णांपैकी एका गटास सविस्तर शिक्षण देण्यात आले, तर दुसऱ्याचे केवळ सहानुभूतीने ऐकून घेण्यात आले. शिक्षणाने वेदना अधिक कमी झाली नाही. हे रुग्ण नव्या दुखण्याचे होते, दीर्घकालीन नव्हते, ही मर्यादा येथे नोंदविली पाहिजे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ४९२ दीर्घकालीन रुग्णांवरील अभ्यासात मात्र समज, हालचाल आणि जीवनक्रम या तिन्हींचा एकत्र विचार करणाऱ्या उपचाराने नेहमीच्या उपचारांपेक्षा मोठा व टिकाऊ लाभ दिला. त्यातील उपचारकांचे प्रशिक्षण एखाद्या कार्यशाळेवर भागविलेले नव्हते. प्रत्यक्ष रुग्णांवर मार्गदर्शनाखाली काम करवून त्यांची तयारी तपासलेली होती. या उपचाराची तुलना एखाद्या प्रतिस्पर्धी पद्धतीशी झालेली नसल्याने त्यावरून नवा पंथ उभारणे घाईचे ठरेल.

भाषा आणि परिस्थितीचा प्रश्न :
हे ग्रंथ वेलिंग्टन आणि ॲडलेड येथील रुग्ण डोळ्यांपुढे ठेवून लिहिले गेले. महाराष्ट्रातील उपचारकास त्यांचे केवळ भाषांतर करून चालत नाही. ‘एक्स्प्लेन पेन’चे मुख्य सूत्र मराठीत सांगू गेल्यास पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठीत ‘दुखणे’ म्हणजे वेदना आणि ‘दुखणे’ म्हणजे आजारही. ‘दुखणे म्हणजे आतमध्ये बिघाड आहे असे नव्हे’ हे वाक्य रुग्णास परस्परविरोधी वाटू शकते, किंवा आपले दुखणे खोटे ठरविले जात आहे असा त्याचा ग्रह होऊ शकतो. ‘वेदना’ हा शब्द वापरावा तर तो अनेकांना पुस्तकी वाटतो. म्हणून येथे उपमा आणि उदाहरणे नव्याने घडवावी लागतील. हे काम भाषेच्या आणि आरोग्याच्या अभ्यासकांनी मिळून करण्याचे आहे.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. भातलावणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या स्त्रीला अथवा ऊसतोड कामगाराला रोज दवाखान्यात येऊन शेक घेणे परवडत नाही. त्या दिवसाची मजुरी बुडते. अशा रुग्णास उपचारकाच्या हाताची सवय लावणे हा त्याच्यावर अन्यायच होय. दुसरीकडे, हात लावला नाही किंवा मशीन लावले नाही तर उपचार झाला असे अनेक रुग्णांना वाटत नाही. नवोदित उपचारक या दोहोंच्या कात्रीत सापडतो. त्यामुळे रुग्णाला घरी करता येईल असे काही देणारी पद्धत येथे अधिक मोलाची ठरते.

तिसरी बाब सुरक्षिततेची आहे. रात्रीही न थांबणारी वेदना, ताप, वजन घटणे, लघवीवरील ताबा सुटणे किंवा पायातील शक्ती जाणे ही लक्षणे असता कोणतीही पद्धत सुरू करण्याआधी डॉक्टरकडे पाठविणे बंधनकारक मानले पाहिजे. भारतात मणक्याच्या क्षयाची शक्यता विसरून चालत नाही. पंथाभिमानी उपचारकाच्या हातून अशा रुग्णाचे मोलाचे आठवडे वाया जाण्याचा धोका असतो.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून नवोदित उपचारकासाठी एक क्रम सुचविता येतो. आरंभी मेटलंड यांच्याकडून तपासणी, उपचार आणि पुनर्तपासणी यांची शिस्त घ्यावी. यासाठी त्यांची सर्व तंत्रे आत्मसात करण्याची निकड नाही. शुल्क देऊन रीतसर प्रशिक्षण एकाच पद्धतीचे घेणे शक्य असेल, तर ते मॅकेन्झी पद्धतीचे घ्यावे. चकतीविषयीची तिची कल्पना खरी आहे म्हणून नव्हे, तर तिची तपासणी पडताळण्याजोगी आहे आणि ती रुग्णाला स्वावलंबी करते म्हणून. मलिगन यांची तंत्रे रुग्णास हालचालीचा विश्वास देण्यापुरती आणि त्यांच्याच नियमाने वापरावीत. बटलर–मोझली यांचा ग्रंथ रुग्णाशी बोलण्याची दृष्टी देणारा म्हणून वाचावा. त्यातील भाषा मात्र आपल्या रुग्णांच्या बोलीत पुन्हा शोधावी.

ज्या उपचारकास यापैकी एकही प्रशिक्षण परवडत नाही, त्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. प्रत्येक रुग्णाची पहिल्या दिवशीची स्थिती लिहून ठेवणे, प्रत्येक भेटीत त्याच हालचालीची पुन्हा तपासणी करणे आणि महिन्यानंतर रुग्ण कामावर परतला की नाही याची चौकशी करणे, एवढी नोंदवही कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय ठेवता येते. पद्धती बदलतील, नवे ग्रंथ येतील. या नोंदवहीत ज्यांच्यापुढे ‘गुण नाही’ असे लिहावे लागते, त्या रुग्णांना वेळीच दुसरीकडे पाठविण्याची तयारी मात्र उपचारकाने पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.